कलासंग्रह असलेल्या ऐतिहासिक हवेलीत कॉर्पोरेट कार्यक्रम : आयोजनाचे सविस्तर टप्पे

पॅरिसमधील जाकमार-आंद्रे संग्रहालय ही मुळात एदुआर आंद्रे या संग्राहकाची हवेली. १८७५ मध्ये ती बांधून पूर्ण झाली, तेव्हा मोठ्या मेजवानीच्या वेळी दिवाणखान्याच्या भिंती यंत्राने सरकवून हजारभर पाहुण्यांसाठी सलग जागा मोकळी करण्याची सोय तीत केलेली होती. अशा वास्तू पाहुणचारासाठीच उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांत आजही माणसे जमावीत, हे योग्यच आहे. फरक एवढाच की त्या काळी भिंतीवरचे चित्र घरमालकाच्या मालकीची वस्तू होती आणि आज ते पुढच्या पिढ्यांसाठी सांभाळायचा ठेवा आहे. शिवाय ध्वनियंत्रणा, एलईडी पडदे, चित्रीकरणाचे दिवे, केटररच्या गरम पेट्या यांतले काहीही त्या घराच्या आराखड्यात धरलेले नव्हते. म्हणून अशा ठिकाणी आयोजनाचा नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. पाहुण्यांची यादी आणि मंच आधी ठरवून मग जागा त्यात बसवायची नाही. वास्तू किती सोसू शकते हे आधी समजून घ्यायचे आणि कार्यक्रम त्या मापाने आखायचा.

१. हा कार्यक्रम या घराला साजेसा आहे का

संचालक मंडळाची बैठक, ग्राहकांसाठी संध्याकाळचा स्वागत समारंभ, पुरस्कार वितरण, निवडक निमंत्रितांचे भोजन, एखादे छोटे चर्चासत्र, हे सारे जुन्या हवेलीत शोभून दिसते. याउलट नृत्य, धूर सोडणारी यंत्रे, मोठ्या पडद्यावरील सादरीकरण किंवा मंचामागे भव्य पार्श्वफलक यांवाचून ज्याचे चालणार नाही, त्या कार्यक्रमाने सरळ सभागृह शोधावे. शंभर वर्षांहून जुन्या चित्रांसमोर कंपनीच्या बोधचिन्हाचा फलक उभा करून ती झाकायची असतील, तर त्या जागेचे भाडे भरण्यात अर्थ नाही. हा निर्णय अगदी सुरुवातीला, आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच घ्यावा.

२. पाहणी : एकदा दिवसा, एकदा कार्यक्रमाच्या वेळी

दिवसा पाहिलेली खोली आणि संध्याकाळी सातला पाहिलेली खोली यांत बराच फरक असतो. दिवसाच्या पाहणीत दरवाजांची रुंदी, जिन्याची वळणे, उंबरे, लिफ्टची क्षमता, स्वच्छतागृहांची संख्या आणि बाहेर पडण्याच्या वाटा मोजून नोंदवाव्यात. संध्याकाळच्या पाहणीत पायऱ्यांवर पुरेसा उजेड आहे का, झुंबरांच्या प्रकाशात वक्त्याचा चेहरा दिसतो का, गाड्या कुठे थांबतील आणि पाऊस आला तर पाहुणे कुठून आत येतील, हे पाहावे.

पाहणीला वास्तूच्या व्यवस्थापकाबरोबर संग्रहाची जबाबदारी असलेला अभिरक्षक (क्युरेटर) किंवा कलावस्तूंची जपणूक व दुरुस्ती करणारा संवर्धक असावा, असा आग्रह धरावा. व्यवस्थापक खोलीत किती खुर्च्या मावतात हे सांगेल. छताच्या कोणत्या कोपऱ्यातील गिलावा सैल आहे, कोणत्या टेबलाचा पातळ लाकडी मुलामा सुटू लागला आहे, कोणत्या चित्राला काच नाही, हे मात्र संवर्धकच दाखवू शकतो. त्याच्याबरोबर फिरताना प्रत्येक खोलीसाठी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : काय हलवता येईल, काय हलवता येणार नाही पण झाकता किंवा अडवता येईल, आणि कोणत्या वस्तूमुळे ती खोलीच वगळावी लागेल. पुढचे सगळे नियोजन या यादीवर उभे राहते. त्यामुळे तिची प्रत केटरर, सजावटकार आणि ध्वनियंत्रणेचे काम घेणाऱ्यांना पहिल्याच बैठकीत द्यावी.

३. पाहुण्यांची संख्या

अग्निसुरक्षेच्या परवान्यात लिहिलेली संख्या ही कमाल मर्यादा असते. तेवढी माणसे बोलवावीत असा तिचा अर्थ नाही. कलावस्तू असलेल्या खोल्यांसाठी माझा आग्रह त्या संख्येच्या निम्म्या ते दोन तृतीयांशापर्यंतच थांबण्याचा असतो, आणि त्याचे कारण केवळ धक्काबुक्की नाही.

शांत बसलेला प्रौढ माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो आणि श्वास व घाम यांतून दर तासाला सुमारे ५० ग्रॅम पाण्याची वाफ हवेत सोडतो. उभ्याने गप्पा मारणारा किंवा फिरणारा त्याहून जास्त. म्हणजे १२० माणसे एका दालनात जमली की दोन किलोवॉटचे सहा हीटर लावल्यासारखे होते आणि तीन तासांत १८ लिटर पाणी हवेत मिसळते. जगातील मोठ्या संग्रहालयांनी बहुतेक वस्तूंसाठी मान्य केलेली कक्षा ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान अशी आहे, आणि तीतही चढउतार सावकाश व्हावेत अशी अपेक्षा असते. लाकूड ओलावा शोषून फुगते आणि तो गेल्यावर आकसते. त्यावरचा रंगाचा थर, सोन्याचा वर्ख किंवा चिकटवलेला लाकडी पापुद्रा त्याच गतीने हलत नाही, म्हणून भेगा पडतात आणि पोपडे सुटतात. हे नुकसान त्या रात्री दिसत नाही. काही आठवड्यांनी एखाद्या चौकटीचा सांधा उघडतो आणि तोवर त्याचा कार्यक्रमाशी असलेला संबंध कुणाच्या लक्षातही राहिलेला नसतो.

यावर उपाय आहेत. पाहुण्यांना एकाच दालनात कोंडू नये; स्वागत एका खोलीत, भाषणे दुसऱ्या आणि भोजन तिसऱ्या खोलीत ठेवले की प्रत्येक खोलीला उसंत मिळते. वातानुकूलन असल्यास ते ऐनवेळी जोरात चालवू नये. पाहुणे येण्यापूर्वीच सुरू करून ते गेल्यावर काही तास हळूहळू पूर्ववत करावे. गर्दी वाढली म्हणून बाहेरच्या दमट हवेत खिडक्या उघडणे हा उपाय नव्हे. आर्द्रतामापकाची नोंद कार्यक्रमाआधी, दरम्यान आणि नंतर घेण्याची जबाबदारी एका माणसाकडे नावानिशी सोपवावी आणि कोणता आकडा दिसला की पाहुण्यांना दुसऱ्या दालनात न्यायचे, हे संवर्धकाकडून आधीच ठरवून घ्यावे.

४. करार आणि विमा

करारात भाड्याच्या रकमेइतकेच महत्त्व वेळेला आहे. सामान आत आणण्यापासून शेवटची पेटी बाहेर जाईपर्यंतचे तास त्यात लिहिलेले असावेत. घाई झाली की अपघात होतात, म्हणून मांडणीसाठी नेहमीच्या सभागृहाला लागतो त्याच्या दुप्पट वेळ मागून घ्यावा. तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा आयोजकाकडे आणि प्रत्येक पुरवठादाराकडे स्वतंत्रपणे असावा. कलावस्तूंचा विमा बहुधा मालकाकडे असतो. भाड्याने दिलेल्या कार्यक्रमाच्या काळात तो लागू राहतो का, वस्तूचे मूल्य आधीच ठरलेले आहे का आणि दुरुस्तीनंतर वस्तूच्या किमतीत होणारी घट त्यात धरली आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तरे घ्यावीत.

५. खाद्यपदार्थ आणि पेये

अशा वास्तूत सर्वाधिक चिंता पेल्याची करावी लागते. २०१५ मध्ये तैपेईतील एका प्रदर्शनात बारा वर्षांचा मुलगा अडखळला आणि स्वतःला सावरताना त्याचा हात सतराव्या शतकातील इटालियन चित्रकार पाओलो पोर्पोरा याच्या नावाने मांडलेल्या चित्रातून आरपार गेला. त्याच्या हातात पेय होते. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तोल गेलेली एक महिला पिकासोच्या ‘द ॲक्टर’ या चित्रावर पडली आणि कापडाला सुमारे १५ सेंटिमीटरची चीर गेली. दोन्ही वेळा कुणाचा हेतू वाईट नव्हता. माणसे अडखळतात, हे गृहीत धरूनच मांडणी करायला हवी.

चित्रे आणि उघड्या वस्तूंपासून किमान दीड मीटरवर अडसर असावा आणि उभ्याने खाण्याची उंच टेबले खोलीच्या मध्यभागी ठेवावीत. भिंतीलगत टेबल असले की माणसे भिंतीला टेकतात आणि रिकामा पेला शेजारच्या संगमरवरी कट्ट्यावर ठेवतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू किंवा वाइनमधील आम्लाने त्याची झिलई उडते आणि पेल्याच्या तळाएवढे निस्तेज वर्तुळ कायमचे उमटते. कलाकृती असलेल्या खोलीत सेल्फ-सर्व्हिसची रांग लावू नये. पदार्थ एका घासात संपणारे, कोरडे आणि सॉस न सांडणारे असावेत व वाढप्यांनी ते तबकातून आणून द्यावेत. गडद रंगाची पेये शक्य तर जेवणाच्या बैठ्या टेबलापुरतीच ठेवावीत आणि पेले दोन तृतीयांशच भरावेत. शिजवणे, तळणे, गरम करणे हे मूळ स्वयंपाकघरात किंवा बाहेर तंबूत करावे, कारण तेलाची वाफ चित्राच्या पृष्ठभागावर बसते आणि त्यावर धूळ चिकटते.

वाढप्यांना कार्यक्रमाच्या एक तास आधी खोली फिरवून दाखवणे हा माझ्या मते सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त उपयोगाचा टप्पा आहे. त्यांना काय सांगायचे, याचे एक उदाहरण देतो. जुन्या सोनेरी चौकटीवर पेयाचे शिंतोडे उडाले की कोणताही चांगला वाढपी सवयीने ओला रुमाल घेऊन धावतो. पण अशा अनेक चौकटींवरील सोन्याचा वर्ख मातीच्या पातळ लेपावर बसवलेला असतो, त्याखाली खडूचा लेप असतो आणि हे सगळे थर प्राणिज सरसाने बांधलेले असतात. पाणी लागले की सरस मऊ होतो आणि रुमालाच्या एका फटकाऱ्यात वर्ख निघून लाल माती उघडी पडते. शिंतोड्याने झाले नसते तेवढे नुकसान पुसण्याने होते. म्हणून नियम एकच असावा : कलावस्तूवर काहीही सांडले तर हात लावायचा नाही, पाहुण्यांना बाजूला घ्यायचे आणि संवर्धकाला बोलवायचे. गालिच्यावर सांडले असेल आणि संवर्धकाने तशी परवानगी आधी दिलेली असेल, तर कोरड्या पांढऱ्या कापडाने नुसते टिपायचे, घासायचे नाही.

६. वीज, प्रकाश आणि आवाज

२० नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडमधील विंडसर किल्ल्यातील आगीची सुरुवात खासगी प्रार्थनागृहातील एका पडद्याला टेकलेल्या प्रखर दिव्यापासून झाली. ही आग सुमारे पंधरा तास धुमसत राहिली आणि शंभरहून अधिक खोल्यांना तिची झळ पोहोचली. वायरिंगच्या कामासाठी अनेक खोल्यांतील वस्तू आधीच हलवलेल्या होत्या, म्हणून बहुतेक कलासंग्रह वाचला. दिवा आणि कापड यांच्यातले अंतर हा प्रत्येक कार्यक्रमातला खरा प्रश्न आहे, हे यावरून ध्यानात यावे.

जुन्या वास्तूतील सॉकेटवर कार्यक्रमाचा भार टाकू नये. दिवे, ध्वनी, केटररची उपकरणे या सगळ्यांच्या वॉटची बेरीज करून ती वास्तूच्या विद्युत अभियंत्याला दाखवावी आणि शक्यतो बाहेर उभ्या केलेल्या जनरेटरवरून स्वतंत्र जोडणी घ्यावी. केबल पाहुण्यांच्या वाटेवरून जाणार नाही, अशी रेषा आखावी. जाणे अटळ असल्यास उतरत्या कडांचे रबरी आच्छादन वापरावे. चिकटपट्टी लाकडी जमिनीला, भिंतीला किंवा चौकटीला कुठेही लावू नये, कारण ती काढताना झिलई सोबत घेऊन येते.

प्रकाशाचे नुकसान साठत जाते आणि भरून निघत नाही. जलरंग, कागद, छायाचित्रे आणि कापड यांसाठी सुमारे ५० लक्स (लक्स हे वस्तूवर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) आणि तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स हे रूढ मापदंड आहेत. चित्रीकरणासाठी १,००० लक्सचे दिवे तीन तास एखाद्या जलरंगावर पडले, तर ५० लक्सच्या हिशेबाने साठ तासांचा, म्हणजे रोजच्या आठ तासांच्या प्रदर्शनातील साडेसात दिवसांचा प्रकाश एका संध्याकाळी खर्च झाला. म्हणून वक्त्याची जागा अशा भिंतीपुढे निवडावी जिथे नाजूक वस्तू नाही, दिवे एलईडीचे आणि वक्त्याकडेच रोखलेले असावेत, आणि भिंती उजळून टाकणारी रंगीत रोषणाई टाळावी. मेणबत्त्या, आतषबाजी आणि कागदी वर्षाव यांना पूर्ण मज्जाव असावा. धूर किंवा धुके सोडणाऱ्या यंत्रांचा सूक्ष्म थर वस्तूंवर बसतो. शिवाय त्यांनी धूरसूचक यंत्रणा वाजते, आणि ती वाजू नये म्हणून बंद ठेवण्याची सूचना कुणी केली तर ती तिथल्या तिथे फेटाळावी.

ध्वनीच्या बाबतीत खर्जातील कंपने अधिक त्रासदायक ठरतात. सबवूफर, म्हणजे खर्जाचे खास स्पीकर, नकोतच. एका मोठ्या स्पीकरऐवजी अनेक छोटे स्पीकर कमी आवाजात, भिंतीपासून दूर आणि रबरी पायांवर ठेवले की भाषण स्पष्ट ऐकू येते आणि काचेच्या कपाटांतील वस्तू जागच्या सरकत नाहीत. तालमीच्या वेळी पूर्ण आवाज लावून झुंबरांच्या लोलकांकडे पाहावे. ते किणकिणले तर आवाज कमी करावा.

७. सामान, सजावट आणि जमीन

बारीक टाचेच्या बुटाचे टोक एक चौरस सेंटिमीटरएवढे असले, तर ६० किलो वजनाच्या व्यक्तीचा जवळजवळ सगळा भार चालताना क्षणभर तेवढ्याच जागेवर येतो आणि जुन्या लाकडी जमिनीत खळगे उमटतात. निमंत्रणातच रुंद टाचांची विनंती करावी आणि दारात टाचांना लावायची टोपणे ठेवावीत. नम्र शब्दांत कारण सांगितले की पाहुणे सहकार्य करतात. सामान नेण्याच्या मार्गावर हवा खेळेल असे कापड आणि त्यावर प्लायचे तक्ते अंथरावेत, दाराच्या कोपऱ्यांना मऊ संरक्षक बांधावेत आणि ढकलगाड्यांना रबरी चाके असावीत. चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा असेल, तर तो उंबऱ्याला न ठोकता स्वतंत्रपणे उभा राहणारा घ्यावा.

फुलांबद्दल आयोजक क्वचितच विचार करतात. मातीच्या कुंड्या, वाळलेली पाने आणि गवत यांतून येणारी कीड लोकरीच्या गालिच्यांत आणि लाकडात घर करते; लिलीचे पराग कापडावर पक्के डाग पाडतात. कापलेली ताजी फुले बाहेर झटकून, तपासून, तिथेच पाण्यासह रचून आत आणावीत आणि रात्रीच बाहेर न्यावीत.

८. सुरक्षा

बॉस्टनमधील इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालय ही संग्राहक बाईंनी स्वतः राहण्यासाठी आणि संग्रहासाठी बांधलेली वास्तू. १८ मार्च १९९० च्या पहाटे पोलिसांच्या गणवेशातील दोन माणसांना पहारेकऱ्यांनी आत घेतले आणि व्हर्मीर व रेम्ब्रांट यांच्या चित्रांसह तेरा कलाकृती चोरीला गेल्या. त्या आजवर परत मिळालेल्या नाहीत. कार्यक्रमाच्या दिवशी गणवेशातील अनोळखी माणसे दिवसभर आत-बाहेर करत असतात. त्यामुळे गणवेश ही ओळख मानू नये. प्रत्येक पुरवठादाराने आपल्या माणसांची नावे दोन दिवस आधी द्यावीत आणि दारावर छायाचित्राच्या ओळखपत्राशी ती पडताळावीत.

पाहुण्यांच्या पाठपिशव्या, छत्र्या आणि मोठे कोट दाराशी जमा करावेत, कारण पाठीवरच्या पिशवीचे अंतर माणसाला कळत नाही. प्रत्येक खोलीत वास्तूचा एक माणूस असावा. २००६ मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात बुटाच्या नाडीत पाय अडकून जिन्यावरून घसरलेल्या एका व्यक्तीमुळे खिडकीतल्या तीन चिनी फुलदाण्यांचे तुकडे झाले. म्हणून जिने, वळणे आणि अरुंद दारे यांच्या जवळच्या सुट्या वस्तू कार्यक्रमापुरत्या संवर्धकाच्या हाताने हलवून घेणे, हे पहाऱ्याहूनही उपयोगी आहे.

९. संग्रहाला कार्यक्रमात स्थान द्यावे

इतकी काळजी घेऊन निवडलेल्या घरात चित्रे नुसती मागे टांगलेली राहिली, तर ती संधी वाया गेली. भाषणांपूर्वी वीस मिनिटे राखून ठेवावीत आणि पंधरा-पंधरा जणांच्या गटांना अभिरक्षकाने एकेका चित्रापुढे थांबवावे. दहा चित्रांची धावती ओळख करून देण्यापेक्षा एकाच चित्रापुढे दहा मिनिटे उभे राहणे पाहुण्यांना अधिक आवडते. त्यात कोणता रंग काळानुसार बदलला, कॅनव्हास कुठे दुरुस्त केला आहे, घरमालकाने ते कुठे लावले होते, हे सांगता येते. नंतरच्या गप्पा मग त्या चित्रावरून सुरू होतात आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या पाहुण्यांची ओळख घडवण्याचा आयोजकाचा मोठा प्रश्न सुटतो. चित्र पाहिलेल्या माणसाचा वावरही बदलतो. तो त्याच्यापासून आपोआप अंतर ठेवू लागतो.

छायाचित्रण फ्लॅशशिवाय आणि तिपाईशिवाय व्हावे. हयात किंवा अलीकडच्या काळात निधन पावलेल्या कलावंताची कृती छायाचित्रात येत असेल, तर प्रताधिकार (कॉपीराइट) त्याच्याकडे किंवा वारसांकडे असू शकतो. कंपनीच्या अंतर्गत वापरासाठीची परवानगी जाहिरातीला चालत नाही, म्हणून ती वेगळी घ्यावी.

१०. आधीचा आणि नंतरचा स्थितीअहवाल

मांडणी सुरू होण्यापूर्वी वास्तूचा प्रतिनिधी आणि आयोजक यांनी मिळून प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत : जमीन, दाराच्या चौकटी, टेबलांचे पृष्ठभाग, चित्रांच्या खालच्या कडा. जुने ओरखडे त्यात स्पष्ट दिसावेत, म्हणून टॉर्चचा उजेड तिरपा धरावा. सगळे सामान बाहेर गेल्यावर त्याच क्रमाने, त्याच कोनातून पुन्हा छायाचित्रे घ्यावीत आणि दोघांनी अहवालावर सह्या कराव्यात. हे काम मध्यरात्री थकलेल्या डोळ्यांनी उरकण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात करण्याची मुभा करारातच मागून घ्यावी. एखादी नवी खूण आढळली तर ती आयोजकाने स्वतःहून दाखवावी. लगेच कळलेल्या डागावर संवर्धक बरेच काही करू शकतो, आठवड्याने कळलेल्यावर फार थोडे. आर्द्रतेच्या नोंदी अहवालाला जोडाव्यात आणि आणखी महिनाभराने संवर्धकाला एकदा विचारावे की एखाद्या चौकटीत, लाकडात किंवा रंगाच्या थरात काही बदल दिसला का. अनामत रकमेचा हिशेब त्यानंतरच मिटवावा, असे मी सुचवेन, जरी बहुतेक करारांत त्यासाठी आठवडाभराचीच मुदत असते.